गोड्या पाण्यातली काच

बाई, तुमच्या पत्र्याच्या डब्यात काचा खुळखुळायच्या, तो आवाज अजून कानात आहे. मे महिन्यात तुम्ही समुद्राकाठच्या माहेरी जायचात आणि जूनमध्ये शेळगावच्या शाळेत तो डबा घेऊन यायचात. लाटांनी घासून गुळगुळीत केलेल्या, धुरकट हिरव्या काचा. ज्याची कविता पाठ, त्याला एक. मी कवितेपायी पाठ करायचो की काचेपायी, आता सांगता येत नाही. एकदा मी म्हणालो, "बाई, एवढ्याच व्हय? पोतंभर आणायच्या की!" तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "किनारा काय तुझ्या आज्यानं विकत घेतलाय? एक मूठ घ्यायची, बस. शंखात कोणी राहत असेल तर त्याला हात लावायचा नाही. आणि धारदार काच दिसली तर ती आधी उचलायची, कोणाच्या पायात जायच्या आत." वर्ग हसला. मी मान खाली घातली. शेवटचं वाक्य कानावरून गेलं.

मग तुम्ही आजारी पडलात, माहेरी जाणं थांबलं, डबा रिकामा झाला. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात होतो. उजनीचं पाणी आमच्याकडे नवंनवं चढलेलं. समुद्र मी पाहिला नव्हता. पाणी म्हणजे पाणी, एवढंच डोक्यात. गोळी सोड्याच्या जाड हिरव्या बाटल्या फोडल्या, दोन पाट्या काचा काठच्या पाण्यात ओतल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तुम्हाला डबा भरून द्यायचा, असं मनाशी ठरवलं होतं. उन्हाळ्याआधीच तुम्ही गेलात. मी बघायला गेलो, तर काचा फोडल्या तशाच. धरणाचं पाणी चढतं, उतरतं; घासत नाही. निम्म्या तर गाळात दिसेनाशा झाल्या होत्या. मी हात हलवत घरी आलो.

आता कंबर साथ देत नाही, तरी दर उन्हाळ्यात पाणी हटलं की बादली घेऊन तिथं वेचत बसतो. सहलीला येणारे बाटल्या टाकून जातात, त्यांच्या पापात माझं खपून जातं. गेल्या आठवड्यात मासे धरणाऱ्या घरातली एक सून चिखलात उतरली आणि किंचाळली. तिच्या टाचेतून मी तुकडा काढला. हिरवा, जाड.

"कुणा मुडद्यानं फोडली असंल," ती कण्हत म्हणाली. "घावला तर जाळ्यात गुंडाळून बुडवीन त्येला. तात्या, तुमी हाय म्हणून बरं. देवमाणूस तुमी."

"टाके घालून घे," एवढंच बोललो. देवमाणूस म्हटल्यावर तोंड उघडेना, बाई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? लिहितोय तोवर दारात हाक आली. खिडकीतून बघतो तर तीच, टाचेला फडकं, काखेत घमेलं.

"तात्या, डाक्टर म्हणला पाण्यात जाऊ नगं. कोरड्यात बसून काचा तर येचता येत्याल का न्हाय? चला, तुमी एकलं किती येचणार?"

तुम्हाला सांगणं सोपं गेलं, बाई, तुम्ही काही उलट बोलणार नाही. कागदाची घडी घालतो. तिच्यासाठी पहिलं वाक्यसुद्धा जुळलेलं नाही, आणि कडी तर काढायला हवी.