डबल आलेला फॉर्म

२२ मार्च २००७, गुरुवार

नाही आलं! अख्ख्या वर्गाचं हॉलतिकीट आलं, माझं नाही आलं!

खिडकी नंबर दोनवर मनोज सर एकेक नाव पुकारत होते. सर म्हणजे क्लार्क. पण आमच्या कॉलेजात ज्याच्या हातात शिक्का तो सर. टी.वाय.च्या आमच्या एका वर्गात पाटील अठरा, त्यामुळे हजेरीलासुद्धा गावाचं नाव लावून हाक मारतात. मी ‘शेलार पाटील’. सतरा पाटील आपापलं तिकीट घेऊन हसत गेले. गठ्ठा संपला.

"सर, माझं?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"नाहीये म्हणजे नाहीये. चला, पुढे कोण?"

पुढे कोण! तीन वर्षं या कॉलेजात घासली, आणि दहा एप्रिलला पेपर असताना हा माणूस मला ‘पुढे कोण’ म्हणतो. पडघा रोडच्या गोडाऊनवाल्यांनी जूनपासून ऑफिसात घेतो म्हणून पत्र दिलंय, अकाउंट्सला. अट एकच – टी.वाय. पास झाल्याचा रिझल्ट. पेपरच नाही दिला तर रिझल्ट कसला आणि नोकरी कसली! आमच्या आळीतली एकही मुलगी अजून ऑफिसात गेलेली नाही. घरी अजून काही बोलले नाही.

२३ मार्च, शुक्रवार

खिडकी दोन म्हणते खिडकी तीनला विचार. खिडकी तीनचे साहेब अकरा वाजता जेवायला गेलेले! अकरा वाजता कोण जेवतं? नूर मोहम्मद चाचा शिपाई आहेत, बिचारे तेवढेच माणसासारखे बोलतात – "बेटा, थोडा रुक, आ जाएंगे." थांबले. साहेब आले आणि त्याच क्षणी लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. बाहेर कापडाचे लूम बंद. कॉलेजभोवतीची सगळी नारपोली गप्प, फक्त माझा आवाज चढलेला.

"लाइट दोनला येईल," साहेब म्हणाले.

"मग दोनला येते."

"दोनला दुपारच्या शिफ्टची मुलं असतात. सकाळच्या शिफ्टचं काम बारापर्यंतच."

लूमसारखं कॉलेजही दोन पाळ्यांत चालवतात. पण लूमवर निदान कापड तरी निघतं!

२४ मार्च, शनिवार

‘विद्यार्थी सहाय्य कक्ष’. कुलूप.

२६ मार्च, सोमवार

आज कक्ष उघडा होता. जानेवारीत त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आम्हा मुलींना साड्या नेसवून दारात फुलं द्यायला उभं केलं होतं. चेअरमन साहेबांनी नारळ फोडला, फोटो निघाले, नवीन माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आम्हीच आहोत. दात काढून. विद्यार्थ्यांच्या पाठीशी सदैव म्हणे!

आत एक मॅडम. टेबलावर प्लॅस्टिकचा गुलाब. मी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "आधी डोळे मिट. एक खोल श्वास घे. परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच येतं."

मला परीक्षेचं टेन्शन नाही हो मॅडम, परीक्षाच नाही! श्वास घेतल्याने हॉलतिकीट येत असतं तर मी सकाळपासून दुसरं काही केलंच नसतं.

"हे ऑफिसचं काम आहे, माझ्याकडे फक्त मानसिक," असं शेवटी म्हणाल्या. वहीत माझं नाव मात्र लिहून घेतलं. ‘समस्या’च्या रकान्यात ‘परीक्षेची भीती’ लिहिलं! माझ्या डोळ्यांदेखत!

२८ मार्च, बुधवार

आज कळलं एकदाचं. मनोज सरांच्या मागे मी आणि तय्यबा दीड तास उभ्या होतो. तय्यबा पहिल्या वर्षापासून माझ्या बाकावर बसते, तिचं तिकीट पहिल्याच दिवशी आलं, तरी रोज माझ्याबरोबर रांगेत उभी राहते. शेवटी वैतागून सरांनी डिसेंबरची परीक्षा फॉर्मची यादी काढली.

"हे बघा. तुमचा फॉर्म डबल आला होता. एकाच नावाचे दोन. म्हणून एक रद्द केला."

"मी एकदाच भरला! पावती आहे माझ्याकडे."

"डबल आला की एक काढायचा, तसा नियमच आहे. गर्दीत पोरं दोन-दोन भरतात."

"बरं, एक काढलात. मग एक राहिला ना? त्याचं तिकीट कुठंय?"

सरांनी यादी मिटली. मग म्हणाले, "बघावं लागेल."

म्हणजे मी गाढव, एकच फॉर्म दोनदा भरणारी! आणि हे शहाणे, विचारायचं सोडून परस्पर फाडणारे. पोरीला बोलावून विचारता येत नव्हतं का, बाई हा तुझाच का? सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात. हे तर सरकारीही नाही, चांगलं खाजगी आहे, दारात संगमरवर घातलाय.

बसस्टॉपवर तय्यबा म्हणाली, "अगं, पण तू एकच भरलास, तर दुसरा कोणाचा? वो तो पूछ पहले."

मी तिच्यावरच ओरडले. माझं घर जळतंय आणि हिला शेजारच्या घराची पडलीय! असेल यांनीच कुठेतरी दोनदा टाइप केलेला. दुसरी ऋतिका केसरीनाथ येणार कुठून? आमच्या गावात कमळ, बेबी, जनी पन्नास सापडतील, ऋतिका मी एकटी.

३० मार्च, शुक्रवार

प्राचार्यांना भेटले. दोन मिनिटं.

"अर्ज द्या."

दिला.

"इंग्लिशमध्ये द्या."

बाहेर येऊन इंग्लिशमध्ये लिहिला. आवक खिडकीवर नेला तर तिथले म्हणाले, यावर वर्गशिक्षकांची सही पाहिजे. वर्गशिक्षक कोण? तीन महिन्यांपूर्वी सोडून गेले. नवीन? नेमलेले नाहीत. मग सही कोणाची? "ते तुम्ही बघा."

मी बघू! नेमणूकही आता मीच करते!

अर्ज आत्ता माझ्यासमोर आहे. रडून रडून शाई पसरलीय. पुन्हा लिहायला हवा.

१ एप्रिल, रविवार

अण्णाकाकांच्या भाविकची हळद. मांडवात सगळं शेलार गोळा झालेलं. मला अजिबात जायचं नव्हतं, पण घरची हळद आणि मी नाही म्हटल्यावर सतरा जणी सतरा तर्क काढतील.

बाबा पुरुषांत बसले होते. मी पाण्याचे ग्लास घेऊन गेले तर कोणाला तरी सांगत होते, "माझी पोरगी जूनपासून हापिसात जानार हाय. पंख्याखाली बसून काम. लूमवं न्हाय, शेतावं न्हाय." आवाज असा, की पलीकडच्या आळीत ऐकू जावा. मला बघून म्हणाले, "काय गो, पेपर कवा हाय तुजा?"

ग्लास तिथेच ठेवले आणि घरी आले.

बाबा मागोमाग आले, हळदीचे हात तसेच. सगळं सांगितलं. दहा दिवसांचं एका दमात. मला वाटलं रागावतील, आधी का नाही बोललीस म्हणून. त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले. मग म्हणाले, "चेअरमन आपले सोयऱ्यातला हाय. कालेजची जागा कोनाची व्हती, इसारला वाटतं तो. परवा जाव."

मला बाबांना मध्ये आणायचं नव्हतं. आपलं काम आपण करायचं असं मी ठरवलं होतं. पण आता पुरे. सरळ बोटाने तूप निघत नाही ते नाहीच.

३ एप्रिल, मंगळवार

मिळालं! मिळालं! मिळालं!

बाबा एकटे नव्हते. आमच्यात असं काम असलं की चार माणसं घेऊन जातात, मग ती सोयरीक असो की भांडण. बाबा, अण्णाकाका, सरपंच आणि लडकूमामा. चौघंही पांढऱ्या कपड्यांत. नूर मोहम्मद चाचांनी न विचारता दार उघडलं. मी बारा दिवस ज्या दाराबाहेर उभी होते ते दार!

प्राचार्य उठून उभे राहिले. चहा आला. माझ्यासाठीही, बशीसकट!

बाबा फार बोललेच नाहीत. "माझे पोरीचा कागद पायजे. आज. मना बाकीचा काय सांगू नको." लडकूमामा तेवढं म्हणाले, "चेअरमनला फोन लावू का मंग?"

मनोज सरांना आत बोलावलं. ते गेले, आले. हातात तिकीट! बारा दिवस नव्हतं ते दहा मिनिटांत उगवलं. सर म्हणाले, "सर, हे आहे त्या नावाचं, पण एकदा रजिस्टर बघून –"

"द्या त्यांना," प्राचार्य म्हणाले.

"पण सर, दुपारच्या –"

"मनोज, द्या म्हटलं ना!"

मी फोटो दिला. सरांनी तो चिकटवला, वर शिक्का मारला, माझी रजिस्टरमध्ये सही घेतली. घाईत पेनाचं टोपण त्यांच्या हातून खाली पडलं. मला बरं वाटलं ते बघून. खरंच सांगते, फार बरं वाटलं. बारा दिवस मी धावपळ करत होते, आज त्यांची पाळी.

म्हणजे नाक दाबल्यावर तोंड उघडतं! मग ज्यांच्याकडे दाबायला चार माणसं नाहीत त्यांनी काय करायचं? हे असलं कॉलेज! येताना बाबांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

४ एप्रिल, बुधवार

नशीब बघा. आज नीट वाचलं तर तिकिटावर आईचं नाव चुकीचं! माझी आई जानकी. यांनी कमळा छापलंय! जन्म दिला जानकीने आणि यांनी परस्पर आई बदलून टाकली. एक गोष्ट, एक गोष्ट तरी धड करतील का हे लोक?

तय्यबाला दाखवलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने त्या नावावर बोट ठेवलं.

"ऋतिका, जाके एक बार पूछ ना. दुपारच्या शिफ्टवाल्यांना."

"काय विचारू? माझी आई कोण ते?"

"तुला कळतंय मी काय म्हणतेय."

मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. सहा दिवस राहिलेत. त्या खिडकीवर पुन्हा गेले तर हे हातातलं पण काढून घेतील, बघू म्हणतील, अर्ज द्या म्हणतील. मार्कशीटवर दुरुस्त करून घेईन नाव. तय्यबाचं काय जातंय बोलायला? तिचं तिकीट पहिल्याच दिवशी आलं.

तिच्याशी बोलत नाहीये.

७ एप्रिल, शनिवार

कॉस्टिंग दोनदा झालं. ऑडिटिंग राहिलंय. आईने देवापुढे तिकीट ठेवून हळदकुंकू लावलं, नेमकं त्या चुकलेल्या नावावर कुंकू सांडलं. तिला वाचता येत नाही. मी सांगितलं नाही.

९ एप्रिल, सोमवार

उद्या. सगळं तयार आहे. बाबा सोडायला येणार, मी नको म्हटलं तरी.

या कॉलेजला कधी विसरणार नाही मी. रिझल्ट हातात आला की चेअरमनला चार पानी पत्र लिहिणार. इंग्लिशमध्येच. सगळ्या खिडक्यांची नावं घालून. माझ्यासारखं दुसऱ्या कुठल्या पोरीचं होऊ नये.

१० एप्रिल, मंगळवार

सेंटरच्या गेटवर आमच्या कॉलेजची एक मुलगी रडत होती. दुपारच्या शिफ्टची, पडघ्याकडून आलेली. तिची आई वॉचमनपुढे हात जोडून उभी – "दादा, कालेजवाले सांगतान, तुमी सही करून तिकिट नेला. आमी न्हाय नेला हो. पंधरा दिस झाले हेलपाटं घालतंव. आत तं सोडा हिला."

वॉचमनने आतल्या बाईंकडून यादी आणवली. बाईंनी वाचलं, "आहे, एकच नाव आहे. पाटील ऋतिका केसरीनाथ, आई कमळा. पण तिकिटाशिवाय बसता येणार नाही."

"कमळा मीच," ती बाई म्हणाली. "ही माझी पोर."

तिकीट माझ्या हातात होतं. मी ते ओढणीखाली घेतलं. त्यांच्या बाजूने आत गेले आणि तीन तास लिहिलं. सगळं येत होतं.

मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण ते गेटपर्यंतच खरं होतं. गुरुवारी दुसरा पेपर आहे.