त्यांना उकाडा सोसत नाही

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायचा धीर होतोय. येत असतं तर ही गोष्ट मी पोटातच ठेवली असती. मी आयर्लंडमध्ये आहे, ड्रोहेडा नावाच्या गावात, लेकीकडं. हे कुठं आलं ते विचारू नकोस. आपल्या शाळेतल्या नकाशावर हा देश गुरुजींच्या छडीच्या टोकाखाली झाकून जायचा. तुझा जावई गेल्यावर लेक मला इकडं घेऊन आली. तो तिकडं भेटला असेलच तुला. सारखा चहा मागेल, देऊ नकोस.

झालं काय, इथला गारठा माझ्या गुडघ्यांत शिरला. लेक आणि तिचा नवरा दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात, कुठं बसून केलं तरी चालतं. ऑफिसनं परवानगी दिली आणि त्यांनी ठरवलं, हा हिवाळा मॉरिशसला काढायचा. ते समुद्रातलं एक बेट आहे, जिकडं बघशील तिकडं ऊस. तिथं आपली माणसं आहेत गं, खापरपणजोबांच्या काळात कोकणातून जहाजानं उसाच्या कामाला गेलेली. आमच्या घराची मालकीण त्यांतलीच. ती वर राहायची, आम्ही खाली. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे एकेक शब्द उंबरा ओलांडल्यासारखा जपून टाकायची. तिची म्हातारी आई मात्र तिथलीच बोली बोलायची, आणि अधूनमधून मोडकं हिंदी. त्या म्हातारीचा नवरा जाऊन जमाना झालेला.

काय सुख होतं म्हणून सांगू! ड्रोहेडात साडी धुतली की हीटरवर टाका, मग गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात कोंबा, तरी काठ ओलाच. तिथं दोरीवर टाकून मागं वळते तोवर खडखडीत. मी तर वाळलेले कपडेसुद्धा परत धुवायचे, नुसते वाळताना बघायला. सकाळी पाववाला भोंगा वाजवत येतोय, मी फाटकाशी उभी. मी मराठीत घासाघीस करतेय, तो त्याच्या बोलीत नाही म्हणतोय, आणि शेवटी दोघांनाही वाटतंय आपणच जिंकलो. दुपारी मागच्या ओट्यावर मी आणि म्हातारी भाजी निवडत बसायचो. तिच्या तोंडात दात एकच, पण चावरी भारी. मी पाय ओढत चालते, त्याची ती बसल्या जागी नुसत्या खांद्यांनी नक्कल करायची. मी तिच्या एका दाताची करायचे. अर्धी भाजी नातीच्या अंगावर उडायची. नात चार वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण बोलणार इथल्या पोरांसारखं इंग्लिश. म्हणायची, "आजी, यू आर मेंटल."

आता खरं ते सांगते. गेलो त्याच दिवशी मालकिणीनं विचारलं, "दादा नाही आले?" दादा म्हणजे तुझा जावई. माझ्या कपाळावर टिकली होती. लेकच लावते, "आई, चेहरा ओका दिसतो गं तुझा," म्हणून. तिचं काय चुकलं? मीच म्हणायचं होतं, की बाई, ते गेले. पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. म्हटलं, "त्यांना उकाडा सोसत नाही. ते तिकडंच आहेत, हीटरजवळ."

खोलीत आल्यावर लेक म्हणाली, "आई! काय हे?"

"खोटं काय बोलले? फोटो कुठं लावलायस तू त्यांचा?"

फोटो इथं ड्रोहेडात, बाहेरच्या खोलीत हीटरच्या वरच लावलाय. लेक हसली, मीही हसले, आणि तिथंच सगळं फसलं. कारण मालकीण रोज एक विचारायची. दादांना मासे आवडतात? आवडतात, पण काटा लागला तर घर डोक्यावर घेतात. दादा फोन करत नाहीत? त्यांना कंटाळा, लग्न झाल्यापासून तेच. ती म्हणायची, "असे नवरे इथेही आहेत." लेकीनं हसायचं सोडलं. एकदा म्हणाली, "आई, बास झालं आता." पण मला बास करवेना.

संक्रांत आली. मालकीण येऊन बसली. म्हणाली, "माझी आजी हळदीकुंकू करत असे, असे ऐकले आहे. मग बंद पडले. तुम्ही देशातून आलात. तुम्ही सांगा, कसे करतात?" आई, मला कुणी काही विचारून किती दिवस झाले होते! आयर्लंडमध्ये कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे मला नात शिकवते. मी फुगले. खुर्चीत मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. तिळगूळ असा, वाण असं, ओटी अशी, अत्तर हाताच्या मागच्या बाजूला. ती सगळं मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "आणि माझी आई? ती कुठे बसेल?"

एका वाक्याचं काम होतं. बसव की पुढं, मी पण तिच्यातलीच. पण ते म्हटलं असतं तर दादा गेले असते. मी म्हटलं, "आपल्याकडं विधवांना बोलवत नाहीत." म्हटलं आणि माझे कान तापले. आवाज माझा नव्हताच. मोठ्या काकूचा होता, हुबेहूब.

त्या काकूच्या घरात आपण दोघी उष्ट्याखरकट्याच्या धनी होतो. तिच्या हळदीकुंकवाचा पाक तू करायचीस, चटके खात लाडू तू वळायचीस, आणि बायका यायच्या वेळेला मागच्या दारी बंबाजवळ जाऊन बसायचीस. एका संक्रांतीला मी आतून कुंकवाचा करंडा पळवला आणि मागून येऊन तुझ्या कपाळावर बोट टेकवलं. तू दचकलीस. मग शेजारच्या बादलीत वाकून बघितलंस. किती वेळ बघत होतीस गं! मग पदराचं टोक बोटाला गुंडाळून पुसलंस आणि मला म्हणालीस, "माजी थट्टा करतीस व्हय गं?" मी आयुष्यभर सगळ्यांची थट्टा केली, पण ती थट्टा नव्हती. ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

तर त्या बेटावर हळदीकुंकू झालं. घर बायकांनी भरलं, मी मधल्या खुर्चीत, पहिलं कुंकू मला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा ओटा दिसत होता. म्हातारी भाजी निवडत होती. अंगावर रेशमी साडी. सकाळीच नेसून बसली होती बिचारी. तिला वाटलं होतं, आपल्यालाही बसायचंय. मग मालकिणीनं तिला सांगितलं, देशातला नियम आहे.

बायका गेल्यावर मी तिळगूळ घेऊन मागं गेले. तिनं लाडू त्या एका दातानं फोडायचं नाटक करून मला हसवलं. घामानं माझं कुंकू नाकावर ओघळलं होतं. ते बघून ती खिदळली आणि पुसायला हात पुढं केला. आणि थांबली. हात मागं घेतला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि मगच माझं नाक पुसलं. उघडं बोट लागू नये म्हणून. सकाळी शिकलेला नियम, संध्याकाळी पाळत होती. मी शिकवलेला.

मला तिथं जमीन दुभंगायला हवी होती. तशी ती दुभंगत नाही. मी म्हटलं, "भाजी आण इकडं," आणि दोघी निवडत बसलो.

निघताना मालकिणीनं दादांसाठी शर्ट दिला, लाल-पिवळ्या फुलांचा. तुझ्या जावयानं तो पायपुसणं म्हणूनसुद्धा वापरला नसता. माझ्या खोलीतल्या प्रेसमध्ये टांगलाय. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. दार उघडलं की तोच आधी दिसतो.

आज लेक ऑफिसला बॉल्सब्रिजला गेली, नात शाळेत. ठरवलं, आज सांगायचंच. तोंड दिसतं तसला फोन लावला. माझ्या आधी मालकीणच सुरू झाली, "पुढच्या संक्रांतीला मोठे हळदीकुंकू करणार आहोत. आई म्हणते, मी मागेच बसेन. तुमच्यामुळे आम्हाला सगळे नीट कळले."

म्हटलं, "अगं, ते बदललंय आता."

"बदलले?"

"हो. सगळ्यांना बसवतात. आईला मधल्या खुर्चीत बसव. पहिलं कुंकू तिला."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"चुकले मी. दादांनी कान उपटले माझे."

"दादांना यातले कळते?"

"त्यांनाच कळतं. मला कुठं काय?"

तिनं वळून आईला तिच्या बोलीत सांगितलं. म्हातारी फोनसमोर आली, तो एक दात दाखवत. कपाळावर बोट ठेवून डोळे मोठे केले, म्हणजे, मला? मी मान हलवली. मग ती बराच वेळ काहीतरी बोलली आणि मालकीण हसायला लागली. "आई विचारते, दादा अजून हीटरजवळच का? तुमच्याकडे तर आता उन्हाळा आला ना?"

आई, त्याच क्षणी सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हटलं, "इथला उन्हाळा असाच गं. ग्रँड आहेत ते, मजेत."

म्हातारीचं काम झालं, माझं राहिलं. काम झालं तेही आणखी एका थापेवर. ते गेले तेव्हा आल्यागेल्यासमोर मी नीट रडले होते, सगळं रीतसर केलं होतं. पण त्या बेटावर तीन महिने ते काट्यावरून भांडत होते, फोन करत नव्हते, आणि मी त्यांच्यावर चिडत होते. चिडायला कुणीतरी असणं काय असतं, ते तुला मी सांगायला नको. माझ्या तोंडानं त्यांना परत मारवलं नाही.

त्या शर्टाला खिसा आहे, हा कागद त्यातच ठेवते. आणि एक, फोन ठेवल्यावर मी फोटोखालचा हीटर लावला. थंडी नव्हती तशी.