रेनेटची बाटली टाकू नका

आई,

काल तुम्ही रागाने कचऱ्यात टाकलेली रेनेटची, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणाऱ्या द्रावाची, बाटली मी धुऊन फ्रिजमध्ये ठेवली आहे. पुन्हा टाकू नका. लागोपाठ तीन पातेल्यांचं चीज बसलं नाही, तेव्हा मलाही बाटलीचाच संशय आला होता. पण माझ्या लॅबमध्ये थोडं नेऊन तपासलं, तर अर्ध्या तासात दूध सुरीने कापावं इतकं घट्ट!

त्यातलं एन्झाइम मोठं गुणी आहे. चमचाभर अख्ख्या पातेल्याला पुरतं आणि एवढं काम करून स्वतः संपतही नाही. गार दुधात रेंगाळतं, ऊब मिळाली की झपाट्याने कामाला लागतं. फक्त चटका सोसत नाही. एकदा त्याचा आकार मोडला, की दूध निवलं तरी ते पुन्हा उठत नाही.

लग्न होऊन आल्यापासून बघतेय, तुम्ही दुधात करंगळी बुडवून "झालं" म्हणायचात आणि माझा थर्मामीटर मुकाट्याने पस्तीस दाखवायचा. लॅबमध्ये सगळ्यांना मी हे मिरवून सांगते. काल तुम्ही "झालं" म्हणालात, तेव्हा मी गुपचूप बघितलं. बासष्ट होतं. करंगळीवरचा तो फोड डास चावल्याचा नाही, आई. तुमच्या बोटांना चटका कळेनासा झालाय.

आज चार वाजता डॉक्टरांकडे जायचंय, मी न्यायला येते. तुमच्या लेकाला अजून काही बोललेले नाही.

आजचं दूध फ्रिजमध्येच राहू दे. उद्या थर्मामीटर मी धरते. "झालं" मात्र तुम्हीच म्हणायचं.