अंगणातल्या उन्हाची वाटणी

पहिल्या अंतर्गोल आरशाची खरी किंमत अशी: माझी सायकल, पत्नीचं शिलाई मशीन आणि सासऱ्यांचा अबोला. सायकल पुन्हा घेतली, मशीनही आलं. सासरे बोलले ते नात झाल्यावर, तेही तिच्याशीच.

काच कापून पोट भरलेला आणि आरशांनी नावारूपाला आलेला मी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी तपासलं आहे. कान जरा जास्तच ठिकाणावर आहेत, अशी घरच्यांची तक्रार आहे.

राहतं घर पत्नीचं, तिच्यामागे मुलाचं. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. रस्त्याकडचं काचेचं दुकान मुलाला. काच कापायची हिरकणीही त्यालाच, पण ती रोज हातात धरावी. गल्ल्यावर बसून काच कळत नाही. टिचकी मारावी, कान द्यावा. तडा दिसण्याआधी बोलतो.

आता अंगण, कारण वाद तिथेच आहे. माझ्या आरशांनी एकवटलेल्या उन्हाच्या झोतावर घरच्या रंगकामाचे हंडे उकळतात; आता ते काम लेक बघते. कापड धुतल्यावरचं पाणी पूर्वी ओढ्यात जायचं; ओढा आज निळा, उद्या लाल. आता ते काचेच्या उथळ तबकांतून फिरतं. तळाला पांढऱ्या भुकटीचा थर आहे. ऊन पडलं की ती रंग खाऊन टाकते. लेक लहान होती तेव्हा तबकापाशी उकिडवी बसून विचारायची, "बाबा, लाल गेला कुठे?"

"उन्हाने नेला."

"मग ऊन लाल का नाही झालं?"

तबकांच्या पन्हळीतून पाणी पडू लागलं की तो प्रश्न मला अजून तसाच ऐकू येतो.

मुलाला अंगणात दोन मजले उठवायचे आहेत. पलीकडच्या खोलीत तो सूनबाईंना म्हणत होता, "बाबांचं ऊन काय, गच्चीवरही मिळेल." अरे, ती भरलेली तबकं गच्चीवर कोण नेणार, तू? खाली सावली पडली की रंग पुन्हा ओढ्यात. म्हणून अंगण, आरसे आणि तबकं लेकीला.

"आणि ढग आले की?" त्याने तोंडावर विचारलं. मी सांगितलं, "आरसे लागल्यापासून या घरात कोळशाचा खडा आलेला नाही." तीच अट घालतो: ज्या दिवशी कोळसा येईल, त्या दिवशी अंगण मुलाचं.

शेजारच्या कोळसेवाल्याला माझा काळा चष्मा. "ऊन पोत्यात भरून विकणार का, दादा?" असं म्हणत त्याने उभा जन्म माझी टिंगल केली. तरी साक्षीला त्यालाच बोलावलं.

पुरवणी: वाचून त्याने पेन खाली ठेवलं. "दादा, ती अट खोडा. मला सही करता यायची नाही."

"का रे?"

तो माझ्या पत्नीकडे बघू लागला. ती म्हणाली, "पावसाळ्यात हंडे काय तुमच्या बोलण्यावर तापतात?"

कोळशाची अट दोन्ही साक्षीदारांसमोर खोडली आहे. अंगण लेकीचंच, उन्हाच्या आड कुणी काही बांधू नये.

लिहून देणार: काचवाले दादा
साक्षीदार: घरचे डॉक्टर, शेजारचे कोळसेवाले
ठिकाण: मागचं अंगण
दिनांक: २१ जुलै, आभाळ भरलेलं

ता. क. चालू पोतं जिन्याखाली आहे. अर्धं संपलं आहे.