प्रश्नातच नॉट असेल तर

६ जानेवारी

बोर्ड लागला. ‘फॉरेनचा अनुभव असलेले सर.’ मी सुरतच्या पलीकडे पाय टाकलेला नाही! पण इंग्रजी क्लासचे मालक पांडुरंगभाऊ म्हणतात, तू फॉरेनला गेला नाहीस, पण फॉरेन तुझ्याकडे आलं ना? मग झाला का नाही अनुभव?

तसं म्हटलं तर खरंय. अजिंठ्याच्या पायथ्याशी दगड विकले. चकाकणारे दगड, माळा, लेण्यांची पुस्तकं. गोऱ्यांच्या मागे पळता पळता इंग्रजी तोंडात बसली. शाळा आठवीत सुटली, ती इंग्रजीतच नापास होऊन. बोलायला लागलो की थांबत नाही, इंग्रजी लिहायला बसलो की माझं नावसुद्धा वाकडं येतं.

म्हणून भाऊंनी नियम केला — सरांनी खडूला हात लावायचा नाही. पोरांना सांगितलं, ही नवी पद्धत आहे, नुसतं बोलायचं.

क्लास सुरतेतल्या गोडादऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर. मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचं खातं. फरशी सारखी थरथरते. पहिल्या तासाला वाटलं माझेच पाय कापताहेत.

९ जानेवारी

खोलीत माणसं जास्त, गाद्या कमी. रात्रपाळीवाला आला की मी उठतो, तो माझ्या गरम गादीवर पडतो. अजून त्याचा चेहरा नीट पाहिला नाही, पाठच पाहिली.

मराठी सगळीकडे ऐकू येते, तरी गाव परकंच. गुजराती पाट्या वाचायला गेलो की वाटतं जमेल. अक्षरं आपलीच, डोक्यावरची रेघ तेवढी कुणीतरी काढून नेलेली. अर्धा शब्द जमतो, मग अडतं. चुकीच्या बसमध्ये बसलो आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोसाडला जाऊन उतरलो.

आईचा फोन. “या खेपेला टिकशील ना रे?” म्हटलं, हो. वाळूजलाही हेच म्हटलं होतं. चाकणलाही.

१४ जानेवारी

उतराण, म्हणजे आपली संक्रांत. सगळं गाव गच्चीवर. खोलीच्या मालकिणीनं उंधियूची भाजी दिली ताटलीत. तिखट नाही, गोडसर. खाल्ली. पतंग कापला की सगळे ओरडतात, मी पण ओरडलो. कुणाचा कापला ते कळलं नाही.

२१ जानेवारी

क्लासमध्ये एक आहे कुंदन. अमळनेरकडचा. सुरतेबाहेर सचिन म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं कपडा रंगवायच्या मिलमध्ये मशीनवर असतो. ड्युटीवरून सरळ येतो, नखं रंगलेली. आज जांभळी, काल हिरवी. पोरं म्हणतात, कुंद्या, आज कोणती साडी? तो म्हणतो, तुझ्या सासूची.

माझ्याच वयाचा असेल. सर म्हणतो. मला लाजल्यासारखं होतं, पण आवडतंही. आजवर कुणी म्हटलं नाही.

त्याच्या मिलचा माल परदेशात जातो. तिकडचे लोक वर्षातून एकदा मिल बघायला येतात. त्यांच्यासमोर जो इंग्रजी बोलेल, तो सुपरवायझर होणार — असं त्यानं मनाशी धरलंय. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, “कोणी नही सर. पन व्हई ना?”

३ फेब्रुवारी

कुंदनच्या घरी जेवलो. कळण्याची भाकरी आणि ठेचा. इथं आल्यापासून पहिल्यांदा जेवल्यासारखं जेवलो. त्याची बायको हर्षदा वाढत होती. म्हणाली, सर, हे झोपेत पण इंग्लिश बोलतात. मला कळत नाही, शिव्या देतात का लाड करतात!

कुंदन म्हणाला, दोन्ही.

मिलमधला त्याचा जोडीदार लक्ष्मण पण होता, परभणीचा. बायको रुक्मिणी पोराला घेऊन कोपऱ्यात बसलेली, बोलली नाही फारशी. लक्ष्मण म्हणाला, मला नका शिकवू सर, मला मराठीच पुरे झालीय. बोलतो कमी, हसतो जास्त.

मशीनच्या गोष्टी निघाल्या. मोठ्या बंद पिंपात कापड वाफेवर रंगवतात. आत वाफ किती आहे ते काट्यावर बघायचं, काटा शून्यावर आला की झाकण उघडायचं. पण काटा बिघडलाय. शून्यावरच बसून असतो. कुंदननं खात्याच्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, चलने दे, अंदाज से खोल.

१० फेब्रुवारी

कुंदननं आज अडवलं. “सर, प्रश्नमाच नॉट ऱ्हायना तं? येस म्हणानं का नो?”

मला माहीत नाही. दगड विकताना असले प्रश्न यायचे नाहीत, आणि आले तरी मी येस येस करत पुढचा दगड काढायचो. पण सगळा क्लास बघत होता. म्हटलं, सोप्पं आहे. मी तुला विचारलं, लग्न नाही झालं का तुझं? तर काय म्हणशील? तो म्हणाला, नाही हो सर, झालंय की! म्हटलं, बस. इंग्रजीत पण तसंच. पहिलं नो म्हणायचं.

सगळ्यांकडून घोकून घेतलं. यू आर नॉट मॅरीड? नो सर! हसत होते सगळे.

१५ फेब्रुवारी

सुट्टी. झोपलो. कुठंतरी निघून जावंसं वाटलं. कुठं ते कळेना.

२२ फेब्रुवारी

मिलमध्ये अपघात. काटा शून्यावर होता. लक्ष्मणनं झाकण उघडलं आणि आतली वाफ त्याच्या तोंडावर, छातीवर. कुंदन दोन हात लांब होता, त्याला काही नाही. लक्ष्मणला सिव्हिलमध्ये ठेवलंय. कातडी हातमोज्यासारखी निघाली, कुंदन सांगत होता. सांगता सांगता भिंतीला टेकला.

२५ फेब्रुवारी

परदेशी लोकांची भेट आधीच ठरलेली होती. आज आले. सगळी मिल धुवून काढलेली. त्यांना अपघाताचं कळलं, मशीनवर कोण होतं विचारलं. कुंदनला पुढं केलं. मोठे साहेब बाजूलाच उभे. म्हणाले, हिंदी में बता, मैं समझाता हूँ. कुंदन म्हणाला, नो सर, आय स्पीक इंग्लिश.

गोऱ्यानं विचारलं — यू डिड नॉट टेल एनीबडी द मीटर वॉज ब्रोकन?

कुंदन म्हणाला, नो सर! नो सर! तीनदा म्हणाला. गोऱ्यानं लिहून घेतलं.

संध्याकाळी कुंदनला कामावरून काढलं. काटा बिघडलेला माहीत होता, कुणाला सांगितलं नाही, तसंच मशीन चालवलं — असा ठपका. पोलिसात पण देणार म्हणे.

क्लासच्या जिन्यात बसून होता. “मी तं सांगं होतं साहेबले. तेच त्या गोराले बोलनू. तुम्ही शिकाडं तसंच बोलनू सर.”

त्याला कळत नव्हतं कुठं चुकलं. मला पण नाही.

२६ फेब्रुवारी

आमच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर सुषमाताई राहतात, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, इंग्रजीत प्रश्न कसा विचारला ते बघत नाहीत, काय घडलं ते बघतात. सांगितलं असेल तर येस, आय डिड. नो म्हणजे नाहीच सांगितलं. आपलं उलटं. आपण समोरच्याच्या बोलण्याला नाही म्हणतो.

मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्हीच ना ते फॉरेनचे सर?”

जेवलो नाही.

२८ फेब्रुवारी

भाऊंना म्हटलं, मिलमध्ये जाऊन सांगतो. मी चुकीचं शिकवलं, मी आठवी नापास आहे, त्याच्या नोचा अर्थ येस होता. भाऊ म्हणाले, जा. पण येताना बोर्ड काढूनच वर ये. आणि पोरं विचारतील त्यांना तूच तोंड दे.

३ मार्च

गेलो. मोठे साहेब भेटले. वाटलं हाकलतील. चहा दिला. सगळं सांगितलं, हिंदीत, चाचरत. त्यांनी शांतपणे ऐकलं.

म्हणाले, “मैं तो उसी वक्त समझ गया था. गुजराती में भी हम ऐसे ही बोलते हैं. ‘ना ना, मैंने तो बोला था.’ वो वही बोल रहा था.”

म्हटलं, मग तिथंच का नाही सांगितलं?

म्हणाले, उनके सामने मैं क्यों बोलूँ? ऑर्डर गई तो कितने घर बैठेंगे, मालूम है? मग कप खाली ठेवला. “तुम अच्छा बोलते हो. गोडादरा में क्या कर रहे हो? यहाँ आ जाओ. फॉरेनवालों के साथ खड़ा रहने के लिए आदमी चाहिए मुझे.”

चहा तसाच ठेवून उठलो. गेटबाहेर आलो, पाय चालत राहिले. कुठल्या रस्त्यानं आलो आठवत नाही.

४ मार्च

कुंदनला पोलीस घेऊन गेले.

६ मार्च

लक्ष्मण गेला. रुक्मिणीबाई ओरडली पण नाही म्हणे. पोराचं दप्तर भरत बसली.

आता कुंदनवर मोठं कलम लागणार.

हर्षदा आली होती. चूल पेटवली नाही म्हणाली. “सर, तुम्हीच सांगा ना त्या गोऱ्या लोकांना. तुम्हाला बोलता येतं.” तिला अजून माहीत नाही मी काय शिकवलं ते. कुंदननं सांगितलेलं नाही. किंवा त्याला अजून वाटतं की मी बरोबर शिकवलं आणि तोच चुकला.

७ मार्च

रात्रभर हाच विचार. ते परदेशी लोक लक्ष्मणच्या मरणाची चौकशी करायला परत येणार आहेत. बाहेर उभं राहून मी काय बोंबलणार? गेटवरचा आत सोडणार नाही. आत असलो तर त्यांच्या शेजारी उभा असेन. तेव्हा बोलता येईल. एकच वाक्य तर सांगायचं आहे.

मोठ्या साहेबांना फोन केला. येतो म्हटलं.

हर्षदाला सांगून आलो — मी तिथंच असेन, मी सांगेन. तिनं पायाला हात लावला. मी मागे सरकलो.

बोर्ड भाऊंनीच काढला.

११ मार्च

मिलचा शर्ट मिळाला, खिशावर नाव. राहायला मिलच्या मागे खोली. एकट्याची. पंखा चालू ठेवून नुसता पडून राहिलो.

आईला फोन केला. म्हटलं, टिकलो बहुतेक.

१७ मार्च

ते आले. रुक्मिणीबाईला बोलावलं होतं. मोठे साहेब बाजूला उभे, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ती हळू बोलली, थांबत थांबत, म्हणजे मला नीट सांगता यावं. हे झाकणापाशी होते. वाफ अंगावर आली. दवाखान्यात पोराचं नाव घ्यायचे. काटा बिघडलाय हे कुंदनभाऊंनी साहेबाला सांगितलं होतं, आमच्या ह्यांच्यासमोर सांगितलं होतं.

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सोडून.