दंडावरचा भंडारा

बावडा, ता. इंदापूर
५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिक्षास आबांचे अनेक आशीर्वाद.

नातीला फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण फोन तुझ्या आजीच्या कमरेला असतो आणि ती तो स्पीकरवरच लावते. म्हणजे माझं गाऱ्हाणं अर्ध्या वस्तीला.

तू नर्स आहेस त्या बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या डाव्या दंडात कातडीखाली दाणा बसवला, तो दुखत नाही. रोज सकाळी वरून यंत्र धरतो. उजेड आत जातो, दाणा चमकतो आणि त्या चमकेवरून रक्तातली साखर कळते. इथवर झकास. पण आकडा रोज अडीचशेच्या वर, आणि चढतोच आहे. गुळाला मी शिवलेलो नाही, खंडोबाची आण. तुझी आजी सारजा मानत नाही. तिचं म्हणणं, माणूस खोटं बोलंल, उजेड कशापायी बोलंल. गुळाचा डबा तिनं शेजारी साखरबाईकडे नेऊन ठेवला. आता साखरबाईसुद्धा मला बघून दार लोटून घेते.

वाईट याचं वाटतं, की सारजानं माझ्याबरोबर चहा घेणं सोडलं. मेंढरांमागं हिंडायचो तेव्हाही कप तिला, बशी मला. आता फक्त पूजा झाली की कपाळाला नि दंडाला भंडारा लावून जाते, तेही तोंड फिरवून. तो दाणा काढून टाका म्हणावं डॉक्टरांना. मला साखरेपेक्षा हे जड झालंय.

तुझा,
आबा

बारामती
१० नोव्हेंबर २०२५

ती. आबांस प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि.

साखरबाईचं वाचून हसले आणि चहाचं वाचून रडले. दाणा काढण्याचं विचारायला गेले आणि डॉक्टरांना तुमचं पत्रच वाचून दाखवलं. ते भंडाऱ्यापाशी थांबले. दंडावर नेमका कुठं लावतात, म्हणाले. मी म्हटलं, आजी आमची दुखण्यावरच, म्हणजे दाण्यावरच लावणार.

आबा, भंडारा म्हणजे हळद, आणि हळदही त्या उजेडात चमकते. यंत्र तिलाच साखर समजत होतं. उद्या दंड साबणानं धुऊन यंत्र धरा, शिवाय आरोग्य केंद्रात बोटातलं रक्त तपासून घ्या. गूळ खाल्ला असेल तर आजच कबूल करा. आणि आजीवर चिडू नका.

उभयतांची माया अशीच मिळो.
तुमची प्रतिक्षा

बावडा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिक्षास आशीर्वाद.

दंड धुतला. आकडा एकशे अठ्ठावीस, बोटातल्या रक्ताचाही जवळपास तेवढाच. मी मिशीला पीळ देऊन बसलो, म्हटलं आता सारजा माफी मागंल. ती गेली तडक साखरबाईकडे, डबा आणला आणि चुलीपुढं बसून रडायला लागली. मग सांगितलं, की आकडा उतरू दे म्हणून ती रोज देवाला विनवत होती, आणि जसा आकडा चढंल तसा भंडारा वाढवत होती. मी तिला सारखा म्हणायचोच, आज लई लावलास.

माझी मिशी तिथंच उतरली. चहा मीच ठेवला. बिनसाखरेचा होता, तरी बशी दोनदा पुढं केली.

आता भंडारा उजव्या दंडाला लागतो, आणि पहिल्यापेक्षा जास्तच. दाणा राहू दे म्हणावं डॉक्टरांना.

तुझ्या मायेचा भुकेला,
आबा