विकराला काना

२ जून, सकाळ
आजपासून स्वतंत्र! सत्यशीला मॅडमचं तोंड बघायचं नाही. माजलगावात आम्ही दोघं बायोलॉजीचा क्लास चालवायचो. म्हणजे चालवायचो मी. त्या फक्त नोट्स, टेस्ट, डाउट आणि पालक बघायच्या. निघताना तोंडावर सांगितलं, मी विकर, तुम्ही सहविकर. एन्झाइम मी, तुम्ही कोएन्झाइम, हाताखालचं. हसल्या. खवचट बाई. सगळी बॅच माझ्या मागं येणार, मग बघतो.

५ जून
फ्लेक्स लागला. माझा फोटो झकास. 'विकरतज्ज्ञ त्रिंबक सर' असं लिहून दिलं होतं. नाथा फ्लेक्सवाल्यानं काना वाढवला: 'विकारतज्ज्ञ'. खाली 'खात्रीशीर रिझल्ट'. वर मलाच म्हणतो, "विकर म्हणून शब्दच न्हाई सर, विकार असतंय. मीच दुरुस्त केलं." गाढव! राहू दे. कळणाऱ्याला कळतं.

८ जून
बॅचचा पत्ता नाही. मॅडमची फूस, दुसरं काय! हुशार शिवकन्या तेवढी आली. तिच्या बापानं फ्लेक्स वाचला, मला वरून खाली बघितलं, "चल गं, हितं न्हाई" म्हणत तिला ओढून नेलं. अडाणी.

९ जून, दुपार
पहिलं अॅडमिशन, असं वाटलं. चकलांब्याचे धुळाजी, साठीचे. दार लोटून हळूच म्हणाले, "लई दिस झाले सर. कुणाला बोलू नका." डोकं फिरलं. तरी खडू उचलला. कुणाला तरी शिकवायचंच होतं. ग्लुकोजपासून ऊर्जेपर्यंत फळा भरला. एकट्या विकराच्यानं काही होत नाही, सहविकर लागतोच, असं ठासून सांगितलं. धुळाजींनी विचारलं, "म्हंजी बायकोलाबी आणावं लागंल का?" हाकलून दिलं.

१२ जून
मॅडमनी माझ्या जागी शिकवायला उत्तरेश्वरला घेतलं. माझाच जुना विद्यार्थी! त्याला 'मायटोकॉन्ड्रिया' धड म्हणता येत नाही. तरी क्लास फुल. एनएडी हा सहविकर एका विकराला धरून बसत नाही. एकापासून सुटला की दुसऱ्याबरोबर कामाला लागतो. दरवर्षी मीच शिकवतो. नालायक एनएडी.

१३ जून
मोठ्या मनानं मॅडमना माफ करायला गेलो. बसासुद्धा म्हणाल्या नाहीत. उत्तरेश्वरच्या हाताखाली जागा आहे म्हणाल्या: नोट्स, टेस्ट, डाउट आणि पालक. विचार करून सांगतो म्हणालो.
परत आलो तर पायरीवर धुळाजी. शेजारी पदर सावरत एक बाई.
"आणला सर, सहविकर."
धुळाजीकडे निदान सहविकर आहे तरी.